लेकीपेक्षा लहान दगड

माझे बाबा वाईच्या शाळेत ३४ वर्षं भूगोल शिकवत होते. ‘दख्खनचं पठार लाव्हारसाचे थर साचून तयार झालं’ हे वाक्य त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, त्याला गणतीच नाही. २०१४च्या गणपतीत ते आमच्याकडे पुण्याला आले होते, तेव्हा आइसलँडमध्ये होलुहरोयनचा उद्रेक सुरू होता आणि त्याचं थेट चित्रण संगणकावर दिसायचं. काळोखात लाल कारंज्यांची एक लांबलचक रांग. माझी लेक तेव्हा दोन वर्षांची होती. तिला मांडीवर घेऊन बाबा रात्री उशिरापर्यंत ते बघत बसायचे. एकदा म्हणाले, “आपला सह्याद्री असाच झाला गं. मी आयुष्यभर शिकवलं, पण ताजा दगड कधी हातात घेतला नाही.”

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. लेक तेरा वर्षांची झाली, बाबा चौऱ्याहत्तरचे झाले, आणि आता आणखी थांबण्यात अर्थ नाही असं वाटलं. शाळेतून तिची रजा काढली, मी आणि नवऱ्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाने काढले आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघं निघालो. आईच्या गुडघ्यांमुळे ती येऊ शकली नाही. तिने भाजणी, मेतकूट, दाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं.

आइसलँडला जाणारे बहुतेक जण किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या रिंग रोडवरून जातात. आम्हाला जायचं होतं ते मधल्या उंच, ओसाड मुलखात. तिथे कायमची वस्ती नाही. रस्त्यांच्या क्रमांकाआधी ‘एफ’ असतो. त्यांच्या भाषेत ‘फ्यात्ल’ म्हणजे डोंगर, त्याचा हा एफ. हे रस्ते साधारण जूनअखेर किंवा जुलैत उघडतात, सप्टेंबरात बंद होऊ लागतात, आणि फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीशिवाय तिथे जायला कायद्याने मनाई आहे.

पहिला दिवस : केफ्लाविक ते सेल्फॉस

गाडी म्हणजे डबल कॅब पिकअप आणि तिच्या पाठीवर बसवलेली एक खोली. आत गॅसची शेगडी, छोटं बेसिन, डिझेलवर चालणारा हीटर, केबिनच्या डोक्यावर दोघांची झोपायची जागा आणि रात्री टेबल खाली पाडलं की आणखी दोघांची. गाडी ताब्यात देणाऱ्या मुलाने तासभर सगळं समजावलं. तीन गोष्टी त्याने पुन्हा पुन्हा सांगितल्या. वाऱ्यात दार एका हाताने उघडायचं नाही, वारा ते बिजागरीसकट मोडतो. आखलेल्या वाटेबाहेर एक चाकही घालायचं नाही, त्याला जबर दंड आहे आणि तिथल्या शेवाळावर उमटलेला व्रण भरून यायला कित्येक दशकं लागतात. आणि नदी ओलांडताना गाडीत पाणी शिरलं तर विमा एक पैसाही देत नाही.

विमानतळाच्या रस्त्यावरच काळाकुट्ट लाव्हा दोन्ही बाजूंनी पसरलेला. याच द्वीपकल्पावरचं ग्रिंदाविक हे गाव नोव्हेंबर २०२३मध्ये रातोरात रिकामं करावं लागलं होतं. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. सेल्फॉसला किराणा घेतला, तंबूतळावर गाडी लावली. रात्री साडेअकराला बाहेर अजून उजेड. लेकीने डोळ्यांवर ओढणी बांधली आणि झोपली.

दुसरा दिवस : लांडमन्नालोयगार

थ्योर्साउ नदीच्या कडेने वर चढत गेलो. उजवीकडे हेक्ला ज्वालामुखी. ढगांतून फक्त बर्फाळ पायथा दिसत होता. ११०४ साली हेक्लाचा स्फोट झाला आणि या खोऱ्यातली नांदती शेतं प्यूमिस नावाच्या हलक्या, भुसभुशीत ज्वालामुखी दगडाखाली गेली. पुढे खोदकामात त्यांतल्या एका घराचे अवशेष सापडले. रस्त्याच्या कडेला अजून तो फिकट थर दिसतो. हेक्लाचा शेवटचा उद्रेक २००० सालचा.

हरोयनेयारला डिझेलची टाकी काठोकाठ भरली. आता हा ओसाड मुलूख पार होईपर्यंत पंप नाही. इथेच टायरांतली हवा थोडी कमी केली आणि एफ २०८वर गाडी घातली. हा रस्ता म्हणजे अंथरलेला पन्हाळी पत्रा. गाडी, भांडी, दात, सगळं एका लयीत खडखडत होतं. तासाभराने मागून ‘फट्’ असा आवाज आला. थांबून बघतो तर वरच्या कपाटाची ढिली खिट्टी निघून मेतकुटाची बरणी फुटलेली. गाद्यांवर, पांघरुणांवर, बाबांच्या टोपीत, सगळीकडे पिवळी पूड. काचा वेचून, ब्रशने झाडून निघालो, पण पुढचे नऊ दिवस हीटर लावला की गाडीभर मेतकुटाचा वास दरवळायचा. आईला ते सांगायचं धाडस मात्र कुणी केलं नाही.

लांडमन्नालोयगारच्या तंबूतळाच्या अगदी तोंडाशी दोन उथळ प्रवाह आहेत. पाणी गुडघ्याच्याही खाली. पुढच्या मोठ्या नद्यांची ही रंगीत तालीम समजून मी गाडी सावकाश, पहिल्या गिअरमध्ये पलीकडे नेली. हाताला घाम फुटला होता.

तिसरा दिवस : लांडमन्नालोयगार

सकाळी छपरावर पाऊस. अकरानंतर उघडला आणि समोरचे डोंगर दिसले. पिवळे, विटकरी, फिकट हिरवे, राखाडी-निळे, आणि घळींत साठलेला बर्फ. आम्हा सह्याद्रीच्या माणसांना डोंगर म्हणजे काळा आणि हिरवा. हे काहीतरी वेगळंच प्रकरण होतं. हा ऱ्हायोलाइट आहे, बाबांनी सांगितलं. बसॉल्टपेक्षा, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडापेक्षा, यात सिलिका जास्त, त्यामुळे रस दाट. तो फार पसरत नाही, जागच्या जागी गोळा होतो. वर गंधकाच्या वाफा आणि गरम पाणी शतकानुशतकं त्यातून झिरपतं आणि दगडाचा रंगच बदलून टाकतं.

वाट लोयगाहरोयन नावाच्या लाव्ह्यातून जाते. १४७७ साली आलेला हा लाव्हा. मध्येमध्ये काळ्या काचेचे दगड चमकतात, ऑब्सिडियन. लेकीने एक उचलला, उन्हात धरला. कडेला तो चहाच्या रंगाचा, आरपार दिसत होता. “ठेव तिथंच,” बाबा म्हणाले. इथून दगड न्यायचा नाही. तिने तो ज्या खळग्यातून उचलला होता त्याच खळग्यात, तसाच आडवा ठेवला.

दुपारी ऊनऊन पाण्यात उतरलो. त्या लाव्ह्याच्या पोटातून कढत झरे येतात, थंड ओढ्याला मिळतात आणि गवताळ काठाचं एक कुंड तयार होतं. शरद ऋतूत मेंढ्या गोळा करायला येणारे इथले लोक पिढ्यान्पिढ्या या पाण्यात अंग शेकत आलेत. जागेचं नावही ‘लांड नावाच्या मुलखातल्या लोकांची कुंडं’ याच अर्थाचं. बाबा गळ्यापर्यंत पाण्यात बसले. म्हणाले, “वज्रेश्वरीला तुझ्या आजीला घेऊन गेलो होतो, त्यानंतर आज.” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. हवेत आठ अंश होतं आणि त्यांच्या टकलावरून वाफ निघत होती.

चौथा दिवस : स्प्रेंगिसांदुर

सुमारे २०० किलोमीटरची वाट, दोन हिमनद्यांच्या मधून देशाच्या आरपार जाणारी. एफ २६. स्प्रेंगिसांदुर हे नाव कसं पडलं ते ऐकून अंगावर काटा येतो. पूर्वी या वाळवंटात चारा नाही, आसरा नाही, शिवाय दरोडेखोरांचं आणि भुतांचं भय. त्यामुळे घोडेस्वार घोडा फेस येईस्तोवर दामटत एका दमात पार व्हायचे. घोडा दमवून ऊर फोडायला लावणं, त्या क्रियापदावरून हे नाव.

दिवसभरात आम्हाला सात गाड्या भेटल्या. लेकीने मोजल्या. बाकी राखाडी खडी, तिच्यावर काळी वाळू, क्षितिजावर बर्फाचे दोन पांढरे पट्टे. रस्ता कुठे आहे हे दाखवायला पिवळे खुंट, तेवढाच माणसाचा मागमूस. असल्या रिकामपणात मन उदास होईल असं मला वाटलं होतं, पण उलटंच झालं. चौघंही गप्प झालो, आणि ती शांतता हवीहवीशी होती. एका जागी खडीत गुलाबी फुलांचा एकच ताटवा दिसला. थांबलो, उतरलो, चौघंही गुडघ्यांवर बसलो. ‘एयरारोस’ म्हणतात त्याला. चार पाकळ्या, राखट-निळसर पानं, आणि बुंध्याशी वाऱ्याने आणून टाकलेली वाळू. आजूबाजूला नजर जाईल तिथवर दुसरं हिरवं पान नाही.

साडेचारला नीइदालुरच्या लाल छपरांच्या झोपड्या आल्या. पुढची नदी उरकूनच थांबू, असं नवऱ्याचं म्हणणं. उजेड तर रात्रभर आहे! झोपडीची राखणदार मुलगी पंचविशीचीही नसेल. तिने शांतपणे त्याला नदीच्या काठावर नेलं आणि पाण्यातला एक दगड दाखवला. “सकाळी हा कोरडा असतो.” तेव्हा त्या दगडाचं नुसतं टोक दिसत होतं, त्यावरून गढूळ पाणी उसळत होतं. बर्फ दिवसभर उन्हात वितळतो, त्यामुळे हिमनदीतून येणारं पाणी संध्याकाळी चढतं आणि पहाटेकडे उतरतं. आम्ही थांबलो. बाबांना झोपडीत गादी मिळाली. रात्री थालीपीठं लावली. त्या मुलीला एक नेऊन दिलं, तर ती अजून एक मागायला आली.

पाचवा दिवस : नदी

सकाळी सात वाजता तो दगड कोरडा होता.

तरी नवरा आधी चालत गेला. मांडीपर्यंतचे वेडर घालून, हातात काठी, मागून कमरेला बांधलेली दोरी माझ्या हातात. पाणी जिथे अरुंद आणि गुळगुळीत दिसतं तिथे खोल असतं. जिथे पसरून खळाळतं तिथे उथळ. पाठ्यपुस्तकातली ही गोष्ट बाबांनी काठावरून ओरडून ओरडून सांगितली. नवऱ्याचा पाय मध्यावर एकदा घसरला, तो वाकडा झाला, आणि दोरी माझ्या तळव्यातून सर्रकन सरकली. पण सावरला. गुडघ्याच्या वर चार बोटं पाणी, तळ दगडी, टणक. पलीकडे पोहोचून त्याने दोन्ही हात वर केले.

मग मी. फोर-व्हील लो गिअर, काचा खाली, प्रवाहाला थोडं तिरपं होऊन, त्याच्या ओढीबरोबर जात. मध्ये थांबायचं नाही, क्लचला पाय लावायचा नाही. बॉनेटपुढे पाण्याची एक कमान तयार झाली आणि ती आमच्या पुढेपुढे चालू लागली. खालून दगड गडगडत गेल्याचं पायाच्या तळव्यांना कळत होतं. बाजूला बाबा दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकून “चल, चल, चल बाळा” म्हणत होते. मला की गाडीला, ते मी विचारलं नाही. पुढची चाकं वर आली, मग मागची. पलीकडे गाडी थांबवून मी पहिल्यांदा श्वास सोडला. मागच्या सीटवर लेक रडत होती. तिला मिठीत घेतलं. त्या सकाळी आणखी प्रवाह लागले, पण सगळे याहून लहान.

दुपारी वाळवंट संपलं आणि आल्देयारफॉस आला. साधारण २० मीटरची पांढरी धार आणि भोवती काळ्या बसॉल्टच्या खांबांची भिंत. काही उभे, काही मुरगळलेले. तळ्यातला चिखल वाळताना भेगाळतो ना, तसा लाव्हा थंड होताना आकसतो आणि भेगा थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत आत जातात. त्यातून हे पाच-सहा कोनांचे खांब. “गिल्बर्ट हिल!” लेक म्हणाली. अंधेरीतल्या इमारतींच्या गराड्यात उभी असलेली ती काळी टेकडी आम्ही तिला दाखवली होती. बाबांनी वही काढली. या प्रवासात रोज संध्याकाळी ते दगडांच्या थरांची एक आकृती काढत होते, अगदी फळ्यावर काढायचे तशी, बाण आणि नावांसकट.

बार्दारदालुरच्या खोऱ्यात उतरलो तेव्हा दोन दिवसांनी गवत दिसलं, मेंढ्या दिसल्या. डोळ्यांना थंडावा वाटला.

सहावा दिवस : मीवात्न

धुणं, डिझेल, किराणा. मीवात्न म्हणजे चिलटांचं तळं, आणि चिलटांनी नाव राखलं. डोक्यावर जाळी घेतल्याशिवाय दोन मिनिटं उभं राहवेना. ती चावत नव्हती, पण नाकात, डोळ्यांत जात होती. रेइक्याह्लीदच्या चर्चपाशी गेलो. १७२९मध्ये लाव्हा गावावर आला, शेतं-घरं गेली, पण चर्चपाशी तो दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून गेला. आज उभी आहे ती इमारत नंतरची, पण भोवतीचा लाव्हा तोच. जमिनीच्या उष्णतेवर, गरम मातीत डबा पुरून दिवसभर भाजलेला काळसर गोड राईचा पावही खाल्ला. मला आमच्या कोकणातल्या नातेवाइकांकडची पोपटी आठवली. तीही मातीच्याच उष्णतेची चव.

सातवा दिवस : हेर्दुब्रेइद आणि द्रेकी

रिंग रोड सोडून एफ ८८वर वळलो आणि ओदाउदाहरोयन सुरू झालं. नावाचा अर्थ ‘दुष्कृत्यांचा लाव्हा’. गुन्हेगार इथे लपायचे म्हणून. चार हजार चौरस किलोमीटरहून मोठा हा लाव्ह्याचा समुद्र. वाट त्यातून नागमोडी जाते, चाकाला चाक घासेल इतकी अरुंद, आणि वेग ताशी पंधरा. वाटेत ग्राफारलांदाउ ओलांडली. हिमनदीचं नाही, झऱ्यांचं पाणी, काचेसारखं स्वच्छ. लाव्ह्यातून गाळून आलेलं. बाटल्या भरल्या आणि तोंड लावून प्यायलो.

आणि मग समोर हेर्दुब्रेइद. १,६८२ मीटर. आइसलँडचे लोक हिला डोंगरांची राणी म्हणतात. भोवती सपाट वाळवंट, त्यातून सरळ उठलेले कडे, वर सपाट माथा आणि त्यावर एक टोपी. बाबांनी गाडी थांबवायला लावली.

“अगं, हा तर पांडवगड!”

खरंच तसाच. वाईच्या आमच्या गच्चीवरून रोज दिसतो तो. पण पुढचा अर्धा तास बाबा समजावत राहिले की रूप तेच असलं तरी जन्म उलटा आहे. आपल्याकडे लाव्ह्याचे आडवे थर एकावर एक साचले, मग पावसाने आणि नद्यांनी बाजूचं सगळं झिजवून नेलं आणि पांडवगड उरला. हेर्दुब्रेइद मात्र झिजून उरलेली नाही, रचली गेली. हिमयुगात इथे बर्फाचा जाड थर होता. त्याच्या पोटात उद्रेक झाला. रस बर्फाच्या पाण्यात पडून तडकला, त्याची ठिसूळ तपकिरी रास झाली, आणि भोवती बर्फाच्या भिंती असल्याने ती पसरू न शकता वरवर चढली. बर्फाच्या वर डोकं निघाल्यावर लाव्हा मोकळा वाहिला आणि सपाट टोपी बनली. नंतर बर्फ वितळला, साचा गेला, मूर्ती राहिली. लेक म्हणाली, “म्हणजे कुल्फी, आबा.” बाबांनी हे वहीत लिहून ठेवलं. इतकी वर्षं शिकवूनही मला हे सुचलं नव्हतं, म्हणाले.

डोंगराच्या पायाशी हेर्दुब्रेइदारलिंदिर. लाव्ह्याखालून झरे फुटतात आणि त्या राखेच्या मुलखात अचानक हिरवळ. इथे फ्यात्ला-एयविंदुर या परागंदा माणसाने १७७४-७५चा हिवाळा काढला. दगडांचा आडोसा, त्यातून वाहणारा झरा, आणि खायला अँजेलिका नावाच्या रानटी झाडाची मुळं नि घोड्याचं मांस. तो आडोसा अजून दाखवतात. मी वाकून आत डोकावले. आमच्या कॅम्परच्या टेबलाखाली जेवढी जागा, जेमतेम तेवढीच.

संध्याकाळी द्रेकीच्या तळावर पोहोचलो आणि वारा सुटला. प्यूमिसची पूड काचांवर ताडताड आपटत होती. दार दोघांनी मिळून धरून उघडायचं. जेवणात मऊ भात, तूप, आणि पांघरुणावरून झाडून जमवलेलं चमचाभर मेतकूट.

आठवा दिवस : आस्क्या

आस्क्या या ज्वालामुखीपर्यंतचे शेवटचे आठ किलोमीटर गाडीने, मग साधारण अडीच किलोमीटर चालत. जमिनीचा सांगाडा फक्त, त्वचा नाही. मधूनमधून बर्फाचे तुकडे. १९६५ आणि १९६७मध्ये अपोलोचे अंतराळवीर या भागात दगड ओळखायला शिकायला आले होते. दुसऱ्या तुकडीत नील आर्मस्ट्राँग होते.

बाबा काठी टेकत हळूहळू चालत होते. काठावर आलो. डावीकडे वीती, म्हणजे नरक. दुधाळ निळ्या पाण्याचं गोल विवर, गंधकाचा वास. त्याच्यामागे ओस्क्युवात्न, गर्द निळं, विशाल, २०० मीटरहून खोल. ही दोन्ही १८७५च्या उद्रेकाची. मार्चअखेरीच्या त्या स्फोटाची राख पूर्व आइसलँडच्या कुरणांवर पसरली. गुरं जगेनात, आणि कित्येक कुटुंबं देश सोडून उत्तर अमेरिकेला गेली. नंतर जमीन खचली, खड्ड्यात पाणी भरत गेलं, हे तळं झालं.

१९०७च्या उन्हाळ्यात वाल्टर फॉन क्नेबेल हे जर्मन भूवैज्ञानिक आणि माक्स रुडलॉफ हे चित्रकार एका छोट्या होडीतून या तळ्यावर गेले आणि परत आले नाहीत. काही सापडलं नाही. पुढच्या वर्षी फॉन क्नेबेल यांची वाग्दत्त वधू इना फॉन ग्रुमकोव शोधायला आली. घोड्यावरून, वाळवंटातून, इथवर. तिलाही काही सापडलं नाही. तिने दोघांच्या आठवणीत दगडांची रास रचली. हे वाचून मी आले होते, पण त्या पाण्यासमोर उभं राहिल्यावर ते वेगळंच लागलं. किती शांत होतं ते पाणी. आणि याच तळ्यात २१ जुलै २०१४च्या रात्री समोरचा डोंगरउतार कोसळला आणि दहा-दहा मजली लाटा उठल्या. रात्र होती म्हणून काठावर कुणी नव्हतं. २०२१पासून इथली जमीन पुन्हा फुगते आहे, मोजणारी यंत्रं बसवलेली आहेत. वीतीच्या निसरड्या उतारावर आम्ही उतरलो नाही. वरूनच तासभर बघत बसलो.

नववा दिवस : होलुहरोयन

राखणदारांनी सांगितलं होतं, सकाळीच जा. दुपारी हिमनदीचं पाणी त्या सपाट वाळूवर पसरतं. साडेसहाला निघालो.

फिकट वाळू, फिकट वाळू, आणि अचानक एक काळी भिंत. जणू कुणी रेघ मारून सांगितलं, इथवरच. २०१४च्या ऑगस्टमध्ये बार्दारबुंगा या बर्फाखालच्या ज्वालामुखीतून रस जमिनीच्या पोटातून सुमारे ४५ किलोमीटर सरकत आला आणि इथे जमीन उकलली. २७ फेब्रुवारी २०१५पर्यंत तो वाहत राहिला. सुमारे ८५ चौरस किलोमीटर जमीन झाकून गेली. १७८३च्या लाकी इथल्या उद्रेकानंतर आइसलँडमध्ये एवढा लाव्हा आला नव्हता. लाकीने देशातली पाचव्या हिश्श्याइतकी माणसं नेली, विषारी वायूने आणि दुष्काळाने. होलुहरोयनमध्ये, या रिकाम्या जागेमुळे, एकही जीव गेला नाही.

खुणा केलेल्या पायवाटेने आत शिरलो. पायाखाली काचेचा चुरा होतो तसा आवाज. दगड काळा, त्यावर कुठे जांभळट, कुठे सोनेरी झाक, आणि एवढा धारदार की नवऱ्याच्या बुटाचा रबर फाटला. शेवाळ नाही, गवत नाही, एकही किडा नाही. वास नाही. बाबा एका उंचवट्यावर बसले, हातमोजा काढला आणि एक वीतभर तुकडा उचलला. तो अपेक्षेपेक्षा इतका हलका निघाला की त्यांचा हात झटक्याने वर गेला.

त्यांनी लेकीला जवळ बोलावलं. दगडात शेकडो छिद्रं होती. काही मोहरीएवढी, काही वाटाण्याएवढी, आतून गुळगुळीत, चकाकणारी. “हे वायूचे बुडबुडे. रस थिजला तेव्हा आत अडकले. बघ, सगळे रिकामे आहेत. आपल्या घाटातल्या दगडात अशीच छिद्रं आहेत. पण आपला दगड साडेसहा कोटी वर्षांचा. त्यातून पाणी झिरपत राहिलं, आणि एकेक बुडबुडा भरत गेला. झिओलाइट, गारगोटी, पांढरे ठिपके. हा अजून भरलेला नाही.”

लेकीने करंगळी एका छिद्रात घातली. “आबा, हा दगड माझ्यापेक्षा लहान आहे.”

“दोन वर्षांनी लहान,” बाबा म्हणाले. “तुझ्यासमोर जन्मला. माझ्या मांडीवर बसून बघितलंस तू.”

तिला अर्थातच ते आठवत नव्हतं. बाबांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तो दगड दोन्ही हातांत धरून ठेवला, बराच वेळ, आणि मग होता तिथे ठेवला, छिद्रं वरच्या बाजूला करून.

परत फिरलो, योकुल्साउ आणि क्रेप्पा या नद्यांवरचे पूल ओलांडून मोद्रुदालुरला पोहोचलो. ४६९ मीटरवरचं, देशातलं सर्वांत उंचावरचं नांदतं शेत. गवताच्या छपरांची बुटकी घरं. मोबाइलला रेंज आली. बाबांनी आईला फोन लावला आणि पाऊण तास बोलत होते. मेतकुटाचंही सांगून टाकलं.

दहावा आणि अकरावा दिवस

डांबरी रस्त्याने परत. दोन दिवस, उत्तरेकडून. टायरांत हवा भरली. गाडी सुळसुळत निघाली तेव्हा ते फारच शांत वाटलं. गाडी परत देण्याआधी तीन वेळा झाडून काढली, तरी खिडकीच्या रबराच्या खाचेत काळी वाळू आणि पिवळी पूड शेजारी शेजारी राहिलीच.

ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी आम्ही बाबांना सोडायला वाईला गेलो. पाऊस धोधो. दुपारी जरा ओसरला तसे बाबा म्हणाले, पसरणी घाटात जाऊन येऊ. चौथ्या वळणापुढे, जिथे डोंगर कापून रस्ता काढला आहे, तिथे गाडी बाजूला घेतली. काळ्या कातळावरून पाणी निथळत होतं. दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा, नेहमीचा, लहानपणापासून पाहिलेला. लेक छत्री माझ्याकडे देऊन कातळाजवळ गेली. ओल्या दगडात पांढरे ठिपके चमकत होते, काही मोहरीएवढे, काही वाटाण्याएवढे. तिने करंगळीचं टोक एका ठिपक्यावर ठेवलं.

“आबा, हा भरलाय.”

बाबा भिजत उभे होते. वही काढायला त्यांनी शबनमची चेन उघडली.